युनिव्हर्सल रिमोटचं रिसीव्हर कधी ऐकतो, कधी नाही: नेमकं कुठे अडतंय ते कसं शोधायचं

टीव्ही, प्लेअर आणि स्पीकरना आवाज पुरवणारा रिसीव्हर सगळं एकाच रिमोटने चालावं म्हणून युनिव्हर्सल रिमोट घेतला, कोड, म्हणजे उपकरण कुठलं ते रिमोटला सांगणारा नंबर, टाकला, आवाज कमीजास्त झाला, म्हणजे जमलं असं वाटतं. आणि मग एका संध्याकाळी एकच बटण दाबल्यावर टीव्ही चालू होतो आणि रिसीव्हर बंद होतो, नाहीतर सगळं चालू होतं पण रिसीव्हर भलत्याच इनपुटवर बसलेला असतो, चित्र आहे पण आवाज नाही. मग माणूस परत कोड शोधायला बसतो, दुसरा कोड टाकतो, थोडे दिवस बरं चालतं आणि ये रे माझ्या मागल्या. माझं म्हणणं असं की या तक्रारींमध्ये कोड बहुतेक वेळा बरोबरच असतो. खरी गोष्ट ही आहे की इन्फ्रारेड रिमोट फक्त बोलतो, त्याला ऐकू काहीच येत नाही. रिसीव्हर चालू आहे की बंद, सांगितलेलं त्याच्यापर्यंत पोचलं की नाही, तो आत्ता जागा होतोय की कोणी हाताने त्याचं बटण दाबलंय, यातलं काहीही रिमोटला कळत नाही. त्यामुळे रिमोटला कितीही शहाणं केलं तरी उपयोग नाही, आपण पाठवतो त्या कमांडच अशा असाव्या लागतात की आधी काहीही अवस्था असली तरी शेवट एकच होईल. हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं सगळं सोपं जातं.

पण आधी रोग कुठला ते बघा, कारण चार वेगवेगळे रोग आहेत आणि सगळ्यांना लोक "रिमोट नीट चालत नाही" असंच म्हणतात. एकही बटण चालत नाही हा पहिला. काही बटणं चालतात, काही अजिबात नाहीत, हा दुसरा. सगळी बटणं चालतात पण कधी चालतात कधी नाही, हा तिसरा. आणि एकेक बटण दाबलं तर सगळं व्यवस्थित पण एका बटणात पाच कमांड भरल्या, म्हणजे मॅक्रो केला, की बिघडतं, हा चौथा, आणि सगळ्यात जास्त डोकं खाणारा. पहिल्या दोघांत कोड नाहीतर सेटिंग बघायचं, तिसऱ्यात उजेड आणि सेल, चौथ्यात वेळ आणि पॉवर. उलटं करत बसलात तर दिवस जातो.

उजेड, सेल आणि सेन्सर

तिसऱ्या रोगापासून सुरू करतो कारण तो पाच मिनिटांत निकालात निघतो. रिसीव्हरच्या अगदी समोर, दोनेक हातांवर उभं राहा आणि एकच बटण, म्हणजे म्यूट, दहा वेळा सावकाश दाबा. दहाच्या दहा वेळा चाललं तर कोड ठीक आहे. आता नेहमीच्या जागी बसून तेच करा. इथे चुकायला लागलं तर प्रोग्रामिंगला हात लावू नका, अडचण वाटेत आहे. आणि त्याच जागेवरून रिसीव्हरचा ओरिजिनल रिमोटसुद्धा चुकत असेल तर मग प्रश्नच मिटला, युनिव्हर्सलचा काही संबंध नाही.

रिमोटच्या तोंडाशी जी एलईडी असते ती साधारण ९४० नॅनोमीटरचा प्रकाश टाकते, डोळ्यांना तो दिसत नाही पण फोनच्या कॅमेऱ्याला बऱ्याचदा दिसतो. मागच्या कॅमेऱ्यात पुष्कळदा फिल्टर असतो म्हणून पुढचा, सेल्फीचा कॅमेरा वापरा, खोलीत थोडा अंधार करा आणि बटण दाबून धरा, जांभळट पांढरी लुकलुक दिसली पाहिजे. ओरिजिनल आणि युनिव्हर्सल दोन्ही शेजारी शेजारी धरून बघितलं तर कोण मंद आहे तेही कळतं. मंद असेल तर सेल बदला. इथे एक गंमत आहे, रिमोटचा स्क्रीन किंवा बटणांमागचा दिवा व्यवस्थित लागतो म्हणून लोक सेल चांगले समजतात, पण एलईडीला त्या क्षणापुरता बराच जास्त करंट लागतो आणि अर्धमेला सेल नेमका तेव्हाच मान टाकतो. रिचार्जेबल सेल १.२ व्होल्टचे असतात, साधे अल्कलाइन नवीन असताना १.५ चे, बहुतेक रिमोट दोन्हीवर चालतात पण काहींचा पल्ला रिचार्जेबलवर कमी होतो, तेव्हा तपासणी करताना तरी नवे अल्कलाइन घाला म्हणजे एक शंका कमी. सेलच्या स्प्रिंगवर हिरवट पांढरं काही जमलंय का तेही त्याच वेळी बघून घ्या.

वाटेतले अडथळे म्हणजे कॅबिनेटची रंगीत काच, रिसीव्हरच्या सेन्सरसमोर आलेला सेंटर स्पीकर, खिडकीतून थेट सेन्सरवर पडणारं ऊन. रिसीव्हरच्या आतला सेन्सर साधारण ३८ किलोहर्ट्झवर लुकलुकणारा प्रकाशच ओळखतो, बाकीचा गाळून टाकतो, आणि आजूबाजूला सतत गोंगाट असेल तर तो स्वतःची संवेदनशीलता कमी करून घेतो. म्हणजे कान बंद करत नाही पण बोट घालून बसतो. त्यामुळे टीव्हीमागे लावलेली डिम केलेली एलईडी पट्टी, काही सीएफएल दिवे, जुने प्लाझ्मा टीव्ही यांच्याजवळ रिमोटचा पल्ला एकदम घटतो. हे ओळखायचं असं की टीव्ही आणि ती पट्टी बंद असताना रिसीव्हर नीट ऐकतो आणि चालू केल्यावर बहिरा होतो. सेन्सरचा दिसणारा भाग थोडा चिकटपट्टीने झाकून बघा, चक्क फायदा होतो कधीकधी, कारण गोंगाटही कमी होतो आणि जवळून येणारा रिमोटचा सिग्नल तरीही पोचतो.

कोड बरोबर आहे, पण कुठला बरोबर

आता दुसरा रोग, काही बटणं चालतात आणि काही नाही. याचं कारण असं की एका कंपनीच्या रिसीव्हरसाठी रिमोटमध्ये एक कोड नसतो, पुष्कळ असतात, आणि त्यातल्या बऱ्याच कोडमध्ये आवाज आणि म्यूट सारखेच असतात. आपण आवाजाचं बटण दाबून बघतो, चाललं की खूश होतो आणि तिथेच थांबतो. असं करू नका. वन फॉर ऑल कंपनीच्या बऱ्याच रिमोटमध्ये सेटअप बटण दोनदा दिवा लागेपर्यंत दाबून धरून ९-९-१ टाकलं की कोड शोधणं सुरू होतं, तिथे रिसीव्हर पहिल्यांदा बंद झाला की लोक लगेच पक्कं करून टाकतात. त्याऐवजी एक कोड मिळाला की पॉवर, आवाज, निदान तीन वेगवेगळे इनपुट, मेनू आणि त्यातले चारही बाण असं सगळं दाबून बघा, काही अडलं तर पुढच्या कोडवर जा. बाणच चालत नाहीत असा कोड दिसतो बरोबर पण पुढे सेटिंग करायची वेळ आली की ओरिजिनल रिमोट शोधत फिरावं लागतं.

रिसीव्हरचा कोड रिमोटच्या कुठल्या बटणाखाली टाकताय हेही बघा. ऑडिओ, अ‍ॅम्प, रिसीव्हर अशा नावाचं बटण असतं, तिथेच टाकायचा. टीव्ही किंवा डीव्हीडीच्या बटणाखाली टाकला तर रिमोट एकतर घेतच नाही नाहीतर दुसऱ्याच कुठल्या उपकरणाचा त्याच नंबरचा कोड घेऊन बसतो. आणि टीव्ही मोडमध्ये असतानासुद्धा आवाजाची बटणं रिसीव्हरकडेच जावीत अशी सोय बहुतेक रिमोटमध्ये असते, आवाज लॉक किंवा पंच थ्रू असं काहीतरी नाव असतं त्याला, ती लावली नाही तर घरातला प्रत्येक माणूस टीव्हीचा आवाज वाढवत बसतो आणि स्पीकर तसेच.

एकही बटण चालत नाही आणि रिसीव्हर तर नीट आहे, अशा वेळी रिसीव्हरचा स्वतःचा रिमोट आयडी बघा. ही गोष्ट फारच कमी जणांना माहीत असते. एकाच खोलीत एकाच कंपनीची दोन यंत्रं असली तर गोंधळ होऊ नये म्हणून यामाहाच्या पुष्कळ रिसीव्हरमध्ये आयडी १ आणि आयडी २ असा बदल करता येतो, ऑन्क्योच्या काहींमध्येही रिमोट आयडी असतो, सोनीच्या जुन्या काही रिसीव्हरमध्ये कमांड मोड एव्ही १ आणि एव्ही २ असायचा. युनिव्हर्सल रिमोटमधला कोड यातल्या एकाच आयडीचा असतो. सेकंडहँड घेतलेला रिसीव्हर असेल तर आधीच्या मालकाने काय करून ठेवलंय कोण जाणे. आणि फॅक्टरी रिसेट केल्यावर काल चालणारा रिमोट आज एकदम गप्प झाला तर पहिला संशय यावरच घ्या, कारण रिसेटने आयडी मूळपदावर जातो. डेनॉन आणि मॅरांट्झच्या पुष्कळ मॉडेलमध्ये रिमोट लॉक नावाचं सेटिंगही असतं, ते लागलं की समोरचा सेन्सर काहीच ऐकत नाही.

अजून एक फसवा प्रकार झोन २ चा. रिमोट दाबला, रिसीव्हरचा एक बारीक दिवा लागला, पण आवाज नाही आणि डिस्प्लेही नीट येत नाही, म्हणजे मेन झोनऐवजी दुसऱ्या खोलीसाठीचा झोन चालू झालाय. रिसीव्हर आणि रिमोट दोघेही आपापल्या जागी बरोबर आहेत, कोड तेवढा झोन २ चा आहे. पुढचा कोड बघा.

शिकवलेली बटणं

कोड सापडला नाही तर ओरिजिनल रिमोटकडून एकेक बटण शिकवता येतं, आणि लोकांना वाटतं हेच जास्त खात्रीचं, हुबेहूब नक्कल आहे ना. नक्कल असते हे खरं, पण एका क्षणाची. आणि इथेच घोडं पेंड खातं.

फिलिप्सच्या आरसी ५ नावाच्या पद्धतीत, जी मॅरांट्झच्या पुष्कळ रिसीव्हरमध्ये वापरलेली आहे, प्रत्येक कमांडमध्ये एक टॉगल बिट, म्हणजे शून्य किंवा एक अशी खूण, असतो. बटण सोडून परत दाबलं की तो बिट उलटा होतो, त्यावरून रिसीव्हरला कळतं की हे नवं दाबणं आहे, आधीचंच दाबून धरलेलं नाही. शिकलेला रिमोट मात्र दर वेळी तोच एक बिट पाठवतो. परिणाम असा की म्यूट एकदा होतं आणि परत दाबलं तर निघत नाही, मध्ये दुसरं काहीतरी बटण दाबलं की मग निघतं. हे लक्षण दिसलं की परत परत शिकवू नका, त्याने काही होणार नाही, रिमोटमधला तयार कोडच शोधा, कारण तयार कोडमध्ये रिमोट स्वतः सिग्नल बनवतो आणि तो बिट नीट फिरवतो.

सोनीचं वेगळंच. सोनीच्या पद्धतीत एकच फ्रेम, म्हणजे कमांडचा एक पूर्ण सिग्नल, साधारण ४५ मिलिसेकंदांनी परत परत पाठवायची असते आणि उपकरणं निदान दोन तीन वेळा तीच ऐकल्याशिवाय हलत नाहीत. शिकवलेल्या बटणाने एकच फ्रेम पाठवली तर रिसीव्हर कधी घेतो कधी नाही, आणि मॅक्रोमध्ये तर हमखास चुकतो. रिमोटमध्ये रिपीट नावाचं सेटिंग असेल तर ते ३ करा. उलट एनईसी पद्धतीत, जी यामाहा, ऑन्क्यो अशा बऱ्याच जणांकडे दिसते, एक पूर्ण कमांड जाते आणि बटण दाबून धरलं तर पुढे दर ११० मिलिसेकंदांच्या आसपास फक्त "तेच चालू ठेव" एवढा छोटा इशारा जातो. तिथे रिपीट वाढवून ठेवलं तर पॉवरचं टॉगल बटण, म्हणजे चालूला बंद आणि बंदला चालू करणारं एकच बटण, दोनदा लागल्यासारखं होऊ शकतं, चालू होऊन लगेच बंद. म्हणून रिपीट सरसकट सगळ्यांना वाढवायचं नाही, उपकरणागणिक बघायचं.

शिकवताना दोन्ही रिमोट तोंडाला तोंड लावून टेबलावर सपाट ठेवा, अंतर दोन ते पाच सेंटिमीटर, अगदी चिकटवूनही नको कारण सिग्नल फार जोरात गेला तरी बिघडतो. उन्हापासून आणि चालू टीव्हीपासून लांब. बटण टिचकी मारल्यासारखं दाबायचं की धरून ठेवायचं हे रिमोटच्या पुस्तिकेत दिलेलं असतं, आणि त्यात फरक पडतो, कारण धरून ठेवलं तर कधीकधी पुढची पुनरावृत्तीसुद्धा त्या बटणात शिकली जाते आणि मग एकदा दाबल्यावर आवाज चार पायऱ्या उडी मारतो. आवाज असा उड्या मारत असेल तर तेवढी दोन बटणं पुन्हा टिचकी मारून शिकवा. लुकलुकण्याची वारंवारता कंपनीगणिक बदलत असेल तरी शिकणारा रिमोट ती सहसा ओळखतो, आरसी ५ ची ३६ किलोहर्ट्झ, सोनीची ४०, बाकी पुष्कळांची ३८. प्रॉन्टो हेक्स नावाच्या स्वरूपात, म्हणजे एकेका कमांडचा सिग्नल चार चार अंकांच्या गटांत लिहायच्या पद्धतीत, कोड पाहिला तर सुरुवातीच्या दुसऱ्या गटावरून हे कळतं, ००७३ असेल तर ३६, ००६७ असेल तर ४०, आणि शून्य शून्य सहा डी असेल तर ३८. ज्यांना संगणकावरून रिमोट भरता येतो त्यांना हे फार उपयोगी पडतं, सापडलेला कोड मुळात आपल्या पद्धतीचा आहे का हे भरायच्या आधीच दिसतं.

पॉवर, म्हणजे खरी लढाई

सगळं चालू, सगळं बंद, या दोन बटणांसाठीच तर माणूस युनिव्हर्सल रिमोट घेतो, आणि तेच सगळ्यात जास्त फसतं. कारण ओरिजिनल रिमोटवर बहुतेक वेळा पॉवरचं एकच बटण असतं, चालू असेल तर बंद, बंद असेल तर चालू. माणूस समोर बघून दाबतो म्हणून त्याचं भागतं. आंधळा मॅक्रो मात्र टॉगल पाठवतो आणि रिसीव्हर आधीच चालू असेल तर तो बंद होतो. दोन उपकरणांचं एकदा उलटसुलट झालं की मग प्रत्येक वेळी उलटंच होत राहतं, एक चालू झालं की दुसरं बंद.

उपाय म्हणजे डिस्क्रीट कमांड. चालू करायची वेगळी, बंद करायची वेगळी. चालूची कमांड चालू असलेल्या रिसीव्हरला पाठवली तर काहीच होत नाही, आणि आपल्याला हेच हवंय. ओरिजिनल रिमोटवर अशी दोन बटणं दिसली नाहीत म्हणून रिसीव्हरला त्या कमांड कळत नाहीत असं मुळीच समजू नका, पुष्कळ रिसीव्हरना कळतात, फक्त रिमोटवर त्यांचं बटण छापलेलं नसतं. म्हणून त्या शिकवता येत नाहीत, शिकवायला बटणच नाही. त्या मिळतात रिमोटच्या तयार डेटाबेसमध्ये, पॉवर ऑन आणि पॉवर ऑफ अशा वेगळ्या नावांनी, किंवा प्रॉन्टो हेक्समध्ये. इनपुटचंही तसंच, एकेक इनपुट पुढे सरकवणारं बटण मॅक्रोत कधीच घालू नका, प्रत्येक इनपुटची थेट कमांड वापरा.

डिस्क्रीट मिळालीच नाही तर एक युक्ती आहे. काही रिसीव्हर स्टँडबायमध्ये असताना इनपुटचं बटण दाबलं तरी जागे होतात, यामाहाचं सीन बटण तर त्यासाठीच असतं, रिसीव्हर चालू करून इनपुटही लावून देतं. तुमचा होतो का ते एकदा बघा. होत असेल तर चालू करायला तीच कमांड वापरायची, कारण आधीच चालू असेल तर नुसतं इनपुट लागेल, बाकी नुकसान काही नाही. आणि बंद करण्यासाठी आधी तीच जागं करणारी कमांड, मग रिसीव्हर पूर्ण उठेपर्यंत थांबायचं, आणि मग पॉवर टॉगल. म्हणजे आधी चालू असो की बंद, टॉगलच्या क्षणी तो नक्की चालू असतो, त्यामुळे नक्की बंद होतो. बंद करायला बारा पंधरा सेकंद लागतात, हे विचित्र दिसतं, पण चुकत नाही.

लॉजिटेकच्या हार्मनीसारखे रिमोट दुसरा मार्ग घेतात, कुठलं उपकरण चालू आहे हे ते स्वतःच्या लक्षात ठेवतात. लॉजिटेकने एप्रिल २०२१ मध्ये हार्मनी बनवणं थांबवल्याचं जाहीर केलं, पण अजून पुष्कळ घरांत ते आहेत. त्यांची आठवण म्हणजे शेवटी अंदाजच. कोणी रिसीव्हरवरचं बटण हाताने दाबलं, किंवा रिसीव्हर बराच वेळ सिग्नल नाही म्हणून आपोआप झोपी गेला, की अंदाज चुकतो. तिथे हेल्प बटण आहे ते वापरायचं, पण मुळात रिसीव्हरचं ऑटो स्टँडबाय बंद करणं जास्त बरं. ते बंद नसेल तर कुठलाही लक्षात ठेवणारा रिमोट कधी ना कधी गोंधळणारच.

एचडीएमआयच्या वायरीतून चालणारा दुसरा रिमोट

पॉवरच्या गोंधळाचं अर्धं श्रेय सीईसीचं. एचडीएमआय केबलमध्ये १३ नंबरची पिन याच कामाची असते, तिच्यावरून टीव्ही, रिसीव्हर, प्लेअर एकमेकांना चालू बंद करतात, इनपुट बदलतात. सॅमसंगमध्ये ते एनीनेट प्लस, एलजीमध्ये सिंपलिंक, सोनीत ब्राव्हिया सिंक, पॅनासॉनिकमध्ये व्हिएरा लिंक अशा नावाने लपलेलं असतं. आता बघा काय होतं. मॅक्रो टीव्हीला चालू करतो, टीव्ही सीईसीवरून रिसीव्हरला उठवतो, आणि दोन सेकंदांनी मॅक्रोचा पॉवर टॉगल रिसीव्हरला पोचतो आणि उठलेल्याला झोपवतो. किंवा मॅक्रोने इनपुट बरोबर लावलं आणि प्लेअर उशिरा जागा होऊन म्हणाला की आता मी, आणि रिसीव्हर तिकडे वळला. एका गाडीला दोन ड्रायव्हर म्हटल्यावर असंच होणार.

ठरवा, कोणाला चालवायला द्यायचं. साधं सेटअप असेल, टीव्ही आणि रिसीव्हर आणि एखादा प्लेअर, तर खरं सांगायचं तर सीईसीलाच सगळं करू द्या आणि युनिव्हर्सल रिमोटमध्ये मॅक्रो भरूच नका, फक्त बटणं एका जागी येण्यापुरता तो ठेवा. उपकरणं जास्त असतील तर उलट, सीईसी बंद आणि सगळं मॅक्रोवर. पण टीव्हीचा आवाज रिसीव्हरकडे एआरसीने, म्हणजे त्याच एचडीएमआय केबलमधून उलट्या दिशेने, येत असेल तर सीईसी बंद केल्यावर बऱ्याच टीव्हींवर एआरसीही बंद पडतं. मग पूर्ण बंद करू नका, रिसीव्हर आणि टीव्हीच्या मेनूत जाऊन फक्त पॉवरची जोडणी बंद करा, टीव्ही बंद झाला की रिसीव्हर बंद, असं जे काही आहे ते. बाकी ठेवा. बाकीच्या प्लेअरमध्येही सीईसी बंद करा, नाहीतर ते मधेच इनपुट पळवतात. एवढं करूनही जमत नसेल तर ऑप्टिकल केबल हा शेवटचा मार्ग, पाच स्पीकर आणि एक सबवूफर असा ५.१ चा डॉल्बी डिजिटल त्यातून जातो, वरूनही आवाज आणणारं अ‍ॅटमॉस जात नाही, ते तुम्हाला चालतं का ते तुम्ही बघा.

आणि तपासताना सगळ्यांची सीईसी एकदा पूर्ण बंद करून मॅक्रो चालवून बघा. चालला तर गुन्हेगार सापडला. हे न करता मॅक्रोच्या वेळा बदलत बसणारे लोक फार आहेत.

वेळ

रिसीव्हरला चालूची कमांड दिली की तो लगेच ऐकायला तयार नसतो. रिले टिक् होतो, डिस्प्ले येतो, आणि तरीही काही सेकंद तो रिमोटकडे दुर्लक्ष करतो. काही मॉडेल तीन सेकंदांत तयार, काही दहा घेतात. नेटवर्क स्टँडबाय, म्हणजे झोपेतही नेटवर्कशी जोडलेलं राहणं, चालू असेल तर काही जण लवकर उठतात, पूर्ण इको मोडमध्ये असतील तर उशिरा. इनपुटची कमांड यात सापडली की गेलीच, आणि रिमोटला ते कळायचा प्रश्नच नाही.

तुमच्या रिसीव्हरला किती लागतात ते मोजायचं असेल तर पूर्ण बंद अवस्थेतून चालू करा आणि लगेच दर सेकंदाला इनपुटचं बटण दाबत राहा, पहिल्यांदा ज्या सेकंदाला ऐकलं त्यावर दोन सेकंद चढवून तेवढा डिले ठेवा. सकाळच्या पहिल्या वेळेला मोजा, नुकताच बंद केलेला असताना नाही, कारण तेव्हा तो लवकर उठतो आणि आकडा खोटा येतो. मॅक्रोचा क्रमही असा लावा की थांबण्याचा वेळ वाया जाणार नाही, आधी रिसीव्हर चालू, मग टीव्ही, मग प्लेअर, तोपर्यंत रिसीव्हर उठलेला असतो, मग रिसीव्हरचं इनपुट आणि सगळ्यात शेवटी टीव्हीचं. कमांडमधलं अंतर आणि उपकरणांमधलं अंतर अशी दोन सेटिंगं वेगळी असतील तर दोन्ही आधी अर्ध्या सेकंदावर नेऊन ठेवा, आठवडाभर एकही चूक नाही झाली की मग कमी करत या. लोक उलटं करतात, कमीपासून सुरू करून वाढवत जातात, आणि जिथे जेमतेम चाललं तिथे थांबतात, मग सेल थोडा उतरला की परत तक्रार.

मॅक्रो संपेपर्यंत रिमोट खाली ठेवायचा नाही, समोर धरून ठेवायचा. हे घरातल्या इतरांना सांगून काही उपयोग होत नाही. ज्यांना हे जमत नाही त्यांनी हब असलेला रिमोट बघावा, त्यात हातातला रिमोट रेडिओने हबशी बोलतो आणि हब सेन्सरसमोर बसून इन्फ्रारेड फेकतो, रिमोट सोफ्यात पडला तरी मॅक्रो पूर्ण होतो.

बंद कॅबिनेट असेल तर

रिपीटर (रिमोटचा सिग्नल बाहेर पकडून वायरने आत नेणारा) किंवा चिकटवायचा एमिटर (सेन्सरवर इन्फ्रारेड टाकणारी छोटी एलईडी) लावला असेल तर एमिटर नेमका सेन्सरवर असावा, सेन्सर कुठे आहे ते टॉर्च मारून काचेतून बघा, डिस्प्लेच्या शेजारी गडद गोल ठिपका असतो. आणि एक लक्षात घ्या, दरवाजा उघडा असताना रिमोटचा सिग्नल थेटही पोचतो आणि एमिटरमधूनही, दोन्ही एकावर एक चढले तर रिसीव्हरला काहीच कळत नाही. दरवाजा लावला की चालतं आणि उघडला की नाही, असं लक्षण दिसलं तर हेच. एमिटरवरून सेन्सर पूर्ण झाकून टाका. एमिटर फार जोरदार असेल तर तो थोडा बाजूला सरकवूनही फरक पडतो.

इन्फ्रारेडच नको असेल तर नेटवर्कवरून चालवता येतं. डेनॉन आणि मॅरांट्झच्या नेटवर्कवाल्या रिसीव्हरमध्ये टेलनेट, म्हणजे नेटवर्कवरून मजकुरात कमांड पाठवायची सोय, पोर्ट २३, ऑन्क्योमध्ये पोर्ट ६०१२८, आणि हब किंवा होम ऑटोमेशनवाले हेच वापरतात. याचा मोठा फायदा म्हणजे रिसीव्हर उत्तर देतो, चालू आहे की नाही ते विचारता येतं, म्हणजे सुरुवातीला जी अडचण म्हणून सांगितली ती इथे नाहीच. त्यासाठी रिसीव्हरचं नेटवर्क स्टँडबाय मात्र चालू ठेवावं लागतं, नाहीतर झोपलेला असताना तो नेटवर्कवरही नसतो, आणि राउटरमध्ये त्याचा आयपी पत्ता पक्का करून ठेवा. डेनॉनच्या जुन्या मॉडेलमध्ये टेलनेटवर एका वेळी एकालाच बोलता येतं, दोन अ‍ॅप जोडली तर दुसरं अडतं, हेही बिघाडासारखंच दिसतं.

स्ट्रीमिंग स्टिकचे रिमोट ब्लूटूथवर किंवा वायफायवर चालतात, ते इन्फ्रारेड युनिव्हर्सलला शिकवता येत नाहीत, कितीही प्रयत्न करा. त्या रिमोटवरची टीव्ही किंवा रिसीव्हरची आवाजाची बटणं तेवढी इन्फ्रारेड असतात बऱ्याचदा, ती शिकता येतील.

सगळं एकदा जमलं की दोन गोष्टी करून ठेवा. वन फॉर ऑलवाल्या पुष्कळ रिमोटमध्ये ९-९-० ने चालू कोड दिव्याच्या लुकलुकीतून परत वाचता येतो, तो आणि डिलेचे आकडे सेलच्या झाकणाच्या आत कागदावर लिहून चिकटवा. आणि रिमोटवर जी रंगीत बटणं कोणी वापरत नाही त्यातल्या एकावर फक्त रिसीव्हर चालू आणि दुसऱ्यावर फक्त नेहमीचं इनपुट अशा एकेकट्या डिस्क्रीट कमांड ठेवा. मॅक्रोचा मधला एखादा घास निसटला तरी घरातल्या कुणालाही सगळं बंद करून परत पहिल्यापासून सुरू करावं लागत नाही, लाल दाबा, हिरवं दाबा, झालं.